जहाजाचं चिलखत गेलं कुठे?

(दृश्य: पुणे कॅम्प. चौथऱ्यावर उभा निवृत्त रणगाडा. मागून पीएमपीची बस जाते.)

पुणेकरांना रणगाड्याचं अप्रूप नाही. कॅम्पातून, खडकीतून जाताना एखाद्या चौथऱ्यावर तोफ रोखून उभा असलेला निवृत्त रणगाडा दिसतो, सिग्नल सुटतो आणि आपण पुढे निघतो. कधी गाडी बाजूला लावून त्याच्या पुढच्या अंगावर बोटं वाजवून पाहा. बोटं दुखतील, आवाज निघणार नाही.

तिथून चला पुण्यातल्याच राष्ट्रीय युद्ध स्मारकात. इथे आयएनएस त्रिशूळ या फ्रिगेटची, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेची, प्रतिकृती आहे. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर झालेल्या दुसऱ्या हल्ल्यात, म्हणजे ‘ऑपरेशन पायथन’मध्ये, खरी त्रिशूळ सामील होती. रणगाडा चाळीस-पन्नास टनांचा, फ्रिगेट अडीच हजार टनांच्या घरातली. जाड पोलाद कुणाच्या अंगावर असेल, असं विचारलं तर शाळकरी मुलगाही जहाजाकडे बोट दाखवेल. प्रत्यक्षात अशा जहाजाच्या बाजूचा पत्रा एक सेंटिमीटरच्या आसपास असतो.

ऐंशी वर्षांपूर्वी त्या मुलाचं उत्तर बरोबर ठरलं असतं. जपानच्या यामातो या युद्धनौकेच्या कमरेचा पट्टा ४१० मिलिमीटर जाड होता. तिच्या मुख्य तोफांच्या बुरुजांचं तोंड ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून जास्त. हे सगळं पोलाद गेलं कुठे? आणि आज कुणी ते परत आणायचं म्हटलं, तर त्याला जागा आहे का?

‘क्षेपणास्त्रं आली आणि चिलखत संपलं’ हे उत्तर तुम्ही ऐकलं असेल. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. आपल्याला उरलेल्या अर्ध्या भागात जास्त रस आहे.

(दृश्य: जुनी रेखाचित्रं. तरंगते तोफखाने, धूर.)

१८५५. क्रिमियाचं युद्ध. किनबर्नच्या किल्ल्यासमोर फ्रान्सने लोखंडी पत्रे चढवलेले तीन तरंगते तोफखाने आणून उभे केले. किल्ल्यावरून सुटलेले बहुतेक गोळे त्यांच्यावर आपटून पाण्यात पडले. चार वर्षांत फ्रान्सची ग्लुआर ही चिलखती युद्धनौका पाण्यात उतरली आणि १८६० साली ब्रिटनची वॉरियर. वॉरियर आजही पोर्ट्समथला पाहायला मिळते. तिच्या अंगावर ११४ मिलिमीटर लोखंड आहे आणि त्यामागे ४५७ मिलिमीटर सागवान. सागवान शोभेला नव्हतं. नुसतं लोखंड गोळ्याच्या दणक्याने तडकायचं. मागचं लाकूड तो दणका पचवायचं.

मार्च १८६२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात व्हर्जिनिया या लोखंडी जहाजाने एका दिवसात दोन लाकडी युद्धनौका संपवल्या. दुसऱ्या दिवशी समोर मॉनिटर हे दुसरं लोखंडी जहाज आलं. दोघांनी काही तास एकमेकांवर तोफा डागल्या आणि कुणीच बुडालं नाही. लाकडी आरमारांचा काळ तिथे आटोपला.

पुढची ऐंशी वर्षं तोफ आणि चिलखत यांच्या चढाओढीची. तोफ मोठी झाली की पत्रा जाड, पत्रा जाड झाला की तोफ मोठी. शेवटी सगळं जहाज झाकणं परवडेना, तेव्हा अमेरिकेने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एक वेगळी रीत काढली. दारूगोळ्याची कोठारं, इंजिनं आणि बॉयलर जहाजाच्या मध्यभागी एकत्र आणायचे आणि सगळं जाड पोलाद तिथेच लावायचं. नाळ आणि वरांडा, म्हणजे पुढचं-मागचं टोक, उघडं सोडायचं. राजगड चढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको: माच्या पडल्या तरी चालतील, बालेकिल्ला पडता कामा नये.

ही रीत कागदावर पक्की होती. पाण्यात ती दोन ठिकाणी फसली.

(दृश्य: विमानांचे थवे. पाण्याचे उंच स्तंभ.)

पहिलं ठिकाण म्हणजे जहाजाचं पोट. यामातोची जुळी बहीण मुसाशी २४ ऑक्टोबर १९४४ रोजी बुडाली आणि स्वतः यामातो ७ एप्रिल १९४५ रोजी, सुमारे ३,००० माणसांसह. दोघींना विमानांनी गाठलं. बॉम्बही पडले, पण जीव घेतला तो पाणतीरांनी, म्हणजे टॉर्पेडोंनी. चिलखताचा पट्टा पाण्याच्या रेषेच्या थोडा वर आणि थोडा खाली असतो. पाणतीर त्याच्याही खाली येतो. आजचा पाणतीर तर जहाजाला धडकायचीही तसदी घेत नाही. तो कण्याखाली फुटतो. स्फोटाच्या वायूचा प्रचंड बुडबुडा जहाजाला मधोमध उचलतो, मग बुडबुडा आकसतो आणि त्याच जागी जहाज खचतं. आधी वर, मग खाली, आणि कणा मोडतो. बाजूला फूटभर पोलाद असलं, तर मोडताना ते वजन म्हणूनच उपयोगी पडतं.

हे आपल्याला परकं नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीच्या पाणतीराने आयएनएस खुकरी बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

दुसरं ठिकाण म्हणजे माथा. त्याकडे येऊच, पण आधी चिलखताच्या बाजूने एक साक्ष. ११ एप्रिल १९४५ रोजी ओकिनावाजवळ एक जपानी आत्मघातकी विमान अमेरिकेच्या मिझुरी या युद्धनौकेच्या कुशीवर येऊन आदळलं. पोचा आला, थोडी आग लागली, जहाज लढत राहिलं. त्याच विमानाने पातळ पत्र्याच्या विनाशिकेची (डिस्ट्रॉयरची) काय गत केली असती, हे त्याच मोहिमेतल्या इतर जहाजांनी सोसून पाहिलं आहे. तेव्हा जाड चिलखत कधीच कामाचं नव्हतं, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

पण १९४३ मध्येच पुढचं पान उलटलं होतं. ९ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन विमानाने सोडलेल्या, रेडिओवरून वळवता येणाऱ्या सुमारे १,४०० किलोच्या ‘फ्रिट्झ एक्स’ बॉम्बने इटलीची रोमा ही युद्धनौका बुडवली. नवी कोरी, भरभक्कम चिलखताची नौका. बॉम्ब उंचावरून आला आणि डेक भेदून खाली गेला.

(दृश्य: मुंबई बंदर, जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

आता जरा आपल्या घरात डोकावू. चिलखती जहाजं भारतीय नौदलाकडेही होती, हे आज फारसं कुणाला आठवत नाही. १९४८ साली आलेली क्रूझर आयएनएस दिल्ली म्हणजे न्यूझीलंडची अकिलीस. १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत तिने जर्मनीच्या ग्राफ श्पे या युद्धनौकेला गाठलं होतं. १९७८ मध्ये ती निवृत्त झाली, तेव्हा तिचा एक तोफ-बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. दुसरी आयएनएस म्हैसूर, मूळची ब्रिटिश क्रूझर नायजेरिया. बाजूला आठ-नऊ सेंटिमीटरचं चिलखत, सहा इंची तोफा.

१९७१ मध्ये म्हैसूर ही पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका होती. मान तिचा, पण कराचीची रात्र गाजवली दुसऱ्यांनीच. ४ डिसेंबरच्या रात्री निर्घात, निपात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका कमांडर बबरूभान यादव यांच्या नेतृत्वाखाली कराचीच्या दिशेने घुसल्या. प्रत्येकीचं वजन दोनशे टनांच्या आसपास, प्रत्येकीवर चार रशियन ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रं, अंगावर चिलखत नाहीच. त्यांनी पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडवली. १६७९ मध्ये खांदेरीच्या पाण्यात मराठ्यांच्या लहान नावांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना असंच जेरीस आणलं होतं. वजनाने दबून जायची सवय या किनाऱ्याला तशीही कमीच.

स्टिक्सबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. तिच्या सुमारे साडेचारशे किलोच्या स्फोटकाग्रात (वॉरहेडमध्ये) पुढे एक पोकळ शंकू असतो. स्फोट झाला की त्या शंकूचं धातूचं अस्तर आत दबतं आणि त्याची बारीक, विलक्षण वेगवान धार तयार होते. रणगाडाभेदी क्षेपणास्त्र याच तत्त्वावर चालतं. पंधरा सेंटिमीटर व्यासाचं असं क्षेपणास्त्र सत्तर सेंटिमीटर पोलाद कापू शकतं. जहाजावर येणारं क्षेपणास्त्र त्याच्या दुपटी-तिपटीने रुंद असतं. भोक मात्र अरुंद पडतं, आणि मोठं जहाज एका अरुंद भोकाने बुडत नाही. चिलखतवाल्यांचा हा मुद्दा मला मान्य आहे. हार्पूनसारखी आजची अनेक क्षेपणास्त्रं पातळ पत्र्यासाठी बनवलेली आहेत, ती मिझुरीच्या ३०७ मिलिमीटरच्या पट्ट्यासमोर बहुधा थिटी पडतील, हेही मान्य. पण उद्या असं जहाज समोर आलं, तर स्फोटकाग्र बदलायला किती वेळ लागेल? जहाज बांधायला सहा-सात वर्षं जातात.

(दृश्य: दक्षिण अटलांटिकचा नकाशा. दोन ठिपके.)

मे १९८२, फॉकलंडचं युद्ध. दोन दिवसांत दोन जहाजं. २ मे रोजी अर्जेंटिनाची जनरल बेलग्रानो ही क्रूझर ब्रिटिश पाणबुडी काँकररच्या पाणतीरांनी बुडाली. ३२३ जण गेले. बेलग्रानो म्हणजे जुनी अमेरिकी क्रूझर फिनिक्स. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ती तिथेच होती आणि ओरखडाही न उमटता सुटली होती. बाजूला जाड चिलखताचा पट्टा असलेल्या या जहाजाला दोन पाणतीर लागले. एक नाळेजवळ, पट्टा सुरू होण्याच्या आधी. दुसरा मागे, पट्टा जिथे संपतो त्याच्या जरासा पलीकडे.

४ मे रोजी ब्रिटनची शेफील्ड ही आधुनिक, बिनचिलखती विनाशिका. एका एक्झोसेट क्षेपणास्त्राने तिला आग लागली, २० जण गेले आणि सहा दिवसांनी ती बुडाली.

शेफील्ड दाखवून लोक म्हणतात, बघा, चिलखत असतं तर! बेलग्रानो दाखवून दुसरे म्हणतात, बघा, असून काय झालं! दोघंही आपल्याला हवं तेवढंच जहाज बघतात.

(दृश्य: फळा, खडू. एक हात आकडे लिहितो.)

त्यापेक्षा आपण सरळ हिशोब मांडू. भारतीय नौदलाची विनाशिका आयएनएस विशाखापट्टणम: लांबी १६३ मीटर, रुंदी १७ मीटरच्या थोडी वर, वजन सुमारे ७,४०० टन. समजा, हिला मिझुरीच्या तोडीचं चिलखत घालायचं आहे. सगळीकडे नको, फक्त मधल्या ११० मीटरला.

तीनशे मिलिमीटर जाडीच्या पोलादाचा एक चौरस मीटर म्हणजे साधारण २.३५ टन. दोन्ही बाजूंना पाच मीटर उंचीचा पट्टा घेतला तर झाले ११०० चौरस मीटर. वजन सुमारे २,६०० टन. वरून येणाऱ्या माऱ्यासाठी डेकवर दीडशे मिलिमीटर: आणखी २,२०० टन. एकूण ४,८०० टन. म्हणजे सबंध जहाजाच्या वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग. उरलेल्या एक-तृतीयांशात सांगाडा, चार गॅस टर्बाइन, इंधन, सोळा ब्राह्मोस क्षेपणास्त्रं, हवाई हल्ला रोखणारी बत्तीस बराक क्षेपणास्त्रं आणि सुमारे तीनशे माणसं बसवा. बसत नाहीत. मग जहाज मोठं करा, की झाकायचा पृष्ठभाग वाढला. पुन्हा पोलाद. असं करत करत तुम्ही ४५,००० टनांपर्यंत पोचता आणि हातात मिझुरीच येते.

रणगाड्याचं गणित जमतं, कारण त्यात तीन-चार माणसं बसतात आणि सगळं जाड पोलाद समोरच्या काही चौरस मीटरवर लावता येतं.

(दृश्य: विनाशिकेची डोलकाठी, जवळून. रडारचे चपटे पॅनेल.)

आता तो माथा. माझ्या मते चिलखताचा खरा पराभव इथे झाला, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

विशाखापट्टणमच्या डोलकाठीवर चार दिशांना तोंड केलेले रडारचे चपटे पॅनेल आहेत. दूरवरून येणारं विमान किंवा लाटांना चाटून येणारं क्षेपणास्त्र यांनीच दिसतं. बराक कुठे सोडायचं, हे यांच्यामुळेच कळतं. यांना पोलादाने झाका पाहू! रेडिओलहरी पोलादातून जात नाहीत. म्हणजे जहाजाचे डोळे उंचावर, उघड्यावर आणि नाजूकच राहणार. खाली बालेकिल्ला अभंग असेल, दारूगोळा सुखरूप असेल, इंजिनं फिरत असतील. पण डोलकाठीवर एक क्षेपणास्त्र फुटलं तर ते जहाज तरंगतं आहे इतकंच.

याची झलक रडारच्या बालपणीच मिळाली होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये ग्वाडलकॅनालजवळच्या रात्रीच्या लढाईत अमेरिकेच्या साउथ डकोटा या युद्धनौकेला वीसहून जास्त गोळे लागले. जहाजाचा जीव शाबूत राहिला, पण वरची रडारं आणि संदेशयंत्रणा उद्ध्वस्त झाली, वीजही गेली होती. पोलादाच्या आत सुरक्षित असलेल्या त्या नौकेला लढाई सोडून निघून जावं लागलं. तेव्हा तोफा डोळ्यांनीही नेम धरू शकत होत्या. आज तीही सोय नाही.

म्हणून आजची नौदलं मार खाण्यापेक्षा मार चुकवण्यावर पैसे लावतात. आलेलं क्षेपणास्त्र वाटेतच पाडायचं; ते निसटलं तर धातूच्या बारीक तंतूंचा ढग हवेत सोडून त्याला फसवायचं. भारतीय जहाजांवर यासाठी ‘कवच’ ही स्वदेशी प्रणाली आहे. आणि इतकं करूनही घाव बसलाच, तर?

(दृश्य: लोणावळा. पाऊस, धुकं, आयएनएस शिवाजीचं प्रवेशद्वार.)

त्याचं उत्तर पुणे जिल्ह्यातच शिकवलं जातं. समुद्र नसलेल्या या जिल्ह्यात नौदलाचं बरंच काही आहे. खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे छात्र शिडं हाकायला शिकतात, आणि लोणावळ्याला १९४५ पासून आयएनएस शिवाजी हे नौदलाचं अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे. आग, पूर आणि विषारी किंवा किरणोत्सारी माऱ्यात जहाज कसं वाचवायचं, याचं शिक्षण इथेच मिळतं.

या शिक्षणात काय असतं? जहाजाच्या कप्प्यासारखी बंद लोखंडी खोली. भिंतीला मुद्दाम पाडलेली भोकं. पाणी सुटतं आणि उभं राहणं कठीण होतं, दिवे जातात. पोरं भोकात लाकडी पाचर धरतात आणि हातोड्याने ठोकतात. पाचर ओली झाली की फुगते आणि घट्ट बसते. म्हणून ती अजूनही लाकडाचीच. मोठ्या भगदाडावर गादी दाबायची, त्यावर फळी, फळीला टेकू, टेकूखाली पुन्हा पाचर. अब्जावधींच्या जहाजाचा जीव अखेर सुताराच्या हत्यारांवर येतो, हे मला फार आवडतं.

यात गंमत नाही. १९८७ मध्ये अमेरिकेच्या स्टार्क या फ्रिगेटला दोन एक्झोसेट लागली, ३७ जण गेले, पण उरलेल्यांनी जहाज बुडू दिलं नाही. पुढच्याच वर्षी सॅम्युएल बी. रॉबर्ट्स या फ्रिगेटचा कणा पाणसुरुंगाने मोडला. तीही वाचली आणि दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात गेली. उलट एप्रिल २०२२ मध्ये काळ्या समुद्रात साडेबारा हजार टनांची रशियाची मोस्कवा ही क्रूझर बुडाली. युक्रेनने सांगितलं, दोन नेपच्यून क्षेपणास्त्रं मारली. नेपच्यूनचं स्फोटकाग्र सुमारे दीडशे किलोचं. स्टार्क मोस्कवाच्या एक-तृतीयांशाइतकीही नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा हे तेलवाहू जहाज क्षेपणास्त्र लागून पेटलं. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. आयएनएस विशाखापट्टणमवरून दहा जणांचं अग्निशमन पथक तिकडे गेलं आणि सुमारे सहा तासांनी आग आटोक्यात आली.

(दृश्य: मिझुरीच्या तोफांचा भडका, १९९१.)

तरी जाड चिलखताची ओढ काही सुटत नाही. अमेरिकेने १९८० च्या दशकात मिझुरी आणि तिच्या तीन बहिणींना पुन्हा सज्ज केलं आणि १९९१ च्या आखाती युद्धात मिझुरी आणि विस्कॉन्सिन यांनी सोळा इंची तोफा डागल्या. तेव्हाही मिझुरीच्या रोखाने आलेलं इराकी सिल्कवर्म क्षेपणास्त्र चिलखताने अडवलं नाही. शेजारच्या ब्रिटिश ग्लॉस्टर विनाशिकेने ते हवेत पाडलं.

त्या तोफांचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर. आपल्या पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेने आराखडा केलेली १५५ मिलिमीटरची ‘अटॅग्ज’ तोफ ट्रकमागे ओढत नेता येते, आणि तिने चाचणीत ४८ किलोमीटर गाठले आहेत. तिचा गोळा मिझुरीच्या सव्वा टनी गोळ्यापुढे किरकोळ, हे खरं. पण पल्ल्यासाठी पंचेचाळीस हजार टनांचं जहाज किनाऱ्याजवळ न्यायचे दिवस गेले.

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तीस हजार टनांहून मोठ्या नव्या ‘बॅटलशिप’ची घोषणा केली, तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींना उधाण आलं. त्या घोषणेत मिरवली ती क्षेपणास्त्रं, लेझर आणि रेलगन. फूटभर जाड पट्ट्याला त्यात मानाचं पान नव्हतं. नाव जुनं, जहाज वेगळं.

(दृश्य: रात्रीचा काळा समुद्र. पाण्याला चिकटून धावणारी मानवरहित नौका.)

मग पोलाद कायमचं मोडीत? तसंही नाही. कोठारं आणि नियंत्रणकक्ष यांच्याभोवती आजही केव्हलर किंवा कठीण पोलाद लावतात, ठिकऱ्या अडवायला. अमेरिकी विनाशिकांवर ते आहे. रशियाच्या कीरोव वर्गातल्या अणुशक्तीवरच्या क्रूझरवर अणुभट्टीभोवतीही आहे. आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये युक्रेनच्या मानवरहित नौकांनी इवानोवेत्स, त्सेझार कुनिकोव्ह आणि सेर्गेई कोतोव्ह ही तीन रशियन जहाजं बुडवल्यापासून नौदलांची झोप जरा उडाली आहे. आकाशातली छोटी ड्रोनं तर स्वस्तात थव्याने येतात. त्यांच्यापुढे एक सेंटिमीटरचा पत्रा कमी पडतो, पण तीनशे मिलिमीटर लागत नाहीत. ब्रिज (जहाज हाकण्याची खोली), केबलचे मार्ग, क्षेपणास्त्रांच्या नळ्यांची तोंडं, इतक्याच जागी चांगल्या पोलादाचे पंचवीस मिलिमीटर पुष्कळ काम करतील. मघाच्याच हिशोबाने त्याचं वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आत बसतं, आणि तेवढं विशाखापट्टणमच्या अंगावर सहज चढेल.